जिभेचं वजन

ड्वेनने लिलावात तो ट्रेलर घेतला तेव्हा त्यात फरशीवाल्याची सिमेंटची धूळ, एक फुटकी बादली आणि उंदरांचं अख्खं कुटुंब होतं. सोळा फूट लांब, सात फूट रुंद, पांढऱ्या पत्र्याचा बंद खोका. मागची भिंत अख्खी खाली पडायची आणि तिचाच चढायला उतार व्हायचा. ड्वेन म्हणाला, याचं मी घर करणार. झोपायलाही हेच आणि मुलींच्या चारचाकी फटफट्या न्यायलाही हेच. उन्हाळ्यात आठवडाभर डोंगरात जाऊन राहायचं, मोटेलचं तोंड बघायचं नाही.

त्याच्या आईने, लिओटा मेलहाफने, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, चाकाला बुटाने टोचलं आणि विचारलं, डुकराला इतक्या थाटात पुरायची रीत कधीपासून निघाली म्हणे?

झालं. त्या दिवसापासून घरात, चर्चमध्ये आणि गावातल्या धान्याच्या कोठीवर त्या ट्रेलरचं नाव डुकराची शवपेटी असंच पडलं.

लिओटा शहात्तर वर्षांची. शाळा सहावीपर्यंत, पुढे बापाने हात धरून गोठ्यात नेलं ते नेलंच. चाळीस वर्षं तिने डुकरं भरून ट्रेलर बाजाराला ओढले होते, बर्फात, वाऱ्यात, एकदा तर बाळंत व्हायच्या आदल्या दिवशी. तिच्या तोंडाला कंटाळून दोन पाद्री गाव सोडून गेले असं लोक म्हणत. ती म्हणायची, दोन नाही, तीन.

ड्वेन तिचा एकुलता एक. स्वभावाने बापावर गेलेला. एक वाक्य बोलायच्या आधी तीनदा नाक खाजवणार. हिवाळाभर तो शेडमध्ये त्या खोक्यात शिरून बसला. भिंतींना गुलाबी फोमचे पत्रे लावले, त्यावर प्लायवूड ठोकलं, छताला भोक पाडून पंखा बसवला. एक खिडकी कापली ती बाहेरून मोजून, आत काय येणार ते विसरून. खिडकी नेमकी भांड्यांच्या कपाटामागे आली. लिओटा म्हणाली, बरं झालं, बश्यांना डोंगर बघायला मिळतील. ड्वेनने नाक खाजवलं आणि खिडकीवर पत्रा मारला.

रोज दहा वाजता ती कॉफीचा थर्मास घेऊन शेडमध्ये जायची आणि टोमणे मारून परत यायची. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी चेष्टा करायला जाते. ती जायची बिछाने मोजायला.

नवराबायकोचा एक रुंद, डाव्या भिंतीला. मुलींचे दोन, उजव्या भिंतीला, एकावर एक. तिन्ही दिवसा भिंतीला उचलून लावता यायचे, म्हणजे मधून गाडी आत घेता यावी. चार माणसांची सोय. घरात माणसं पाच. जानेवारीत मोजले तेव्हा चार, मार्चमध्ये मोजले तेव्हाही चारच.

तिला जायचं होतं. डोंगर गेले खड्ड्यात, डोंगर तिने पाहिले होते. तिला जायचं होतं वाटेतल्या क्रेब्सबर्गला. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तिथे जुन्या इंजिनांचा मेळा भरतो आणि ड्वेनने निघायचा दिवस नेमका त्याच्या आदल्या शुक्रवारचा धरला होता. लिओटाकडे तिच्या बापाचं इंजिन होतं. एका सिलिंडरचं, दोन बाजूंना दोन जड चाकं, लोखंडी गाड्यावर बसवलेलं. एकदा फट् करायचं, मग चारपाच फेरे नुसतंच श्वास घेत फिरायचं, मग पुन्हा फट्. नवरा होता तोवर दोघं दरवर्षी ते मेळ्याला न्यायची. तो जाऊन सहा वर्षं झाली आणि सहा वर्षं ते शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बसलं होतं. ते सुरू करायची खुबी एकट्या लिओटाच्या हातात होती. चाक किती मागे घ्यायचं, कुठे अंगठा काढायचा, कुठे शिवी द्यायची. पण हात आता थरथरायला लागले होते. या वर्षी चाक फिरेल, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?

मग विचारायचं होतं ना? तेच तर. लिओटाने जन्मात कुणाला काही मागितलं नव्हतं. ती सांगायची. मला ने, हे दोन शब्द तिच्या तोंडात कधी शिजलेच नव्हते.

जुलैत एका संध्याकाळी पिठाच्या गोळ्यांचं सूप खाताना ड्वेन वजनावर बोलायला लागला. ट्रेलरचा पुढचा दांडा, ज्याने तो गाडीला अडकतो, त्याला तिथे सगळे जीभच म्हणतात. ड्वेनने मीठदाणी, चमचा आणि पावाचा तुकडा मांडून दाखवलं, की एकूण वजनाचा निदान दहावा हिस्सा जिभेवर पडायला हवा. मागे भार जास्त झाला की जीभ हलकी होते, आणि जीभ हलकी झाली की वेगात ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो. मग गाडीसकट सगळे खड्ड्यात. हे सगळं तो व्हिडिओ बघून शिकला होता. आपली आई हे सगळं चाळीस वर्षं जिवंत, लाथा मारणारा माल घेऊन करत आलीय, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

धाकटी नात ब्रिन म्हणाली, "मग आजीलाच पुढे बांधू. जिभेचं वजन पुरून उरेल."

सगळे हसले. सून कॉरीन तर सूप नाकात जाईपर्यंत हसली. लिओटाने फक्त मीठ मागितलं. पण चमचा हातातच राहिला.

जीभ हलकी पडली, तर ड्वेनला पुढे घालायला काहीतरी जड लागणार. जड, बुटकं, मधल्या वाटेने ढकलत ट्रेलरच्या नाकापर्यंत, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, नेता येईल असं. पाचशे पौंडांचं असं एक लोखंड कोपऱ्यात बसलेलंच होतं. आणि इंजिन गेलं की ते सुरू करणारी जाणारच. कुणाला काही मागायला नको. उलट तेच मागतील, आणि आपण जरा आढेवेढे घेऊ.

दुसऱ्या दिवशी तिने गोड आवाजात सांगितलं, की ट्रेलरमधला शिधा मी भरते, तुम्ही आपापली कामं करा. कॉरीनने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. लिओटाने गोड आवाज काढला की या घरात काहीतरी मोडतं, एवढा अनुभव तिला होता. पण कॉरीनला शाळेच्या ऑफिसात जायचं होतं आणि शिधा भरायचा तिलाही कंटाळाच होता.

लिओटाने तळघर रिकामं केलं. बिटाचं लोणचं, काकडीचं लोणचं, आंबवलेला कोबी, बीन्स, बाटलीबंद कोंबडी. बारा बारा बरण्यांचं एक खोकं, अशी अकरा खोकी. वर बटाट्याचं एक पोतं आणि तीन बिडाचे तवे. हे सगळं तिने अगदी मागे, उताराच्या दारालगतच्या बाकाखाली दडवलं आणि पुढे हाताने शिवलेली गादी टाकली. फटफट्याही मागेच उभ्या. पाठ इतकी दुखली की रात्री सरळ झोपता येईना, पण चेहरा असा की जणू कुणी बक्षीस दिलंय.

सांगायला हवं, म्हातारी खोडकर होती, वेडी नव्हती. पहिली फेरी पोरींना घेऊन निघू नये म्हणून तिने दोघींना शेंगा निवडायला बसवलं आणि ड्वेनशेजारी स्वतः चढून बसली. रस्ता निवडला तोही तिनेच, कोठीकडे जाणारा सरळसोट, दोन्ही बाजूंना मका आणि समोरून तासाला एक गाडी. चाळिसाच्या वर जाऊ नकोस, नव्या बैलाला पहिल्या दिवशी पळवत नाहीत, असं तिने दोनदा सांगितलं. तिचा हिशेब होता, चाळिसाला जरा डुलेल, ड्वेनचा रंग उडेल, बस्स.

ड्वेनने ऐकलं आणि पन्नासला नेलं. मुलगा कुणाचा होता?

आधी आरशात पांढरा कोपरा दिसला, मग दिसेनासा झाला, मग दुसऱ्या आरशात दिसला. गाडीची मागची बाजू कुणी कंबर धरून झटकावी तशी झटकली जायला लागली. ब्रेकवर पाय देऊ नको, हे सांगायला लिओटाने तोंड उघडलं, पण तोवर ड्वेनने एक्सलरेटरवरचा पाय उचललाही होता. गाडी आपोआप मंदावू देत त्याने फक्त ट्रेलरच्या ब्रेकची कळ हाताने दाबली, एकदा, हळू. शेपूट सरळ झालं. गाडी कडेला थांबली. मका पहिल्यासारखा उभा होता.

व्हिडिओ बघून का होईना, पोरगा शिकलाय, एवढं तिला कबूल करावं लागलं. मनात. मोठ्याने ती म्हणाली, "पुढे वजन कमी पडतंय. लोखंड हवं. जड, बुटकं."

ड्वेनने तीनदा नाक खाजवलं. "आधी काट्यावर बघू," तो म्हणाला.

हे तिच्या हिशेबात नव्हतं. काट्यावर वजन किती ते कळतं, आणि कुठे ते शोधायची माणसाला बुद्धी होते.

कोठीचा काटा ऑर्विल गुथमिलर सांभाळायचा. तो लिओटाचा सहावीपर्यंतचा वर्गमित्र, त्यामुळे तिला न घाबरणारा गावातला एकमेव पुरुष. पंचवीस मैलांच्या वेगाने हळूहळू आलेली वरात त्याने खिडकीतून बघितली. ट्रेलर गाडीपासून सोडवला, चाकं काट्याबाहेर ठेवली आणि जिभेखालचा पाय तेवढा काट्यावर टेकवला. आकडा आला दोनशे चाळीस. हवा होता साडेपाचशेच्या आसपास.

ऑर्विलने आकडा बघितला. मग लिओटाकडे बघितलं. लिओटा छपरावरच्या कबुतरांकडे बघत होती.

"काय गं लिओटा, मागे काय भरलंयस?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं, माणसं जेवतात, ऑर्विल, तुझी बायको घालत नसेल तर माझा काय दोष.

ड्वेन मागचं दार पाडून आत गेला. गादी सरकवल्याचा आवाज आला. मग तो बिटाची एक बरणी हातात घेऊन उतारावर येऊन उभा राहिला.

"आई, चार माणसं सहा दिवसांत बिटाच्या अठ्ठेचाळीस बरण्या कशा खाणार?"

"थोड्या परत आणा," लिओटा म्हणाली.

तो रागावला असता तर बरं होतं. रागाला तिच्याकडे उत्तरं तयार असायची. पण ड्वेनने बाही वर केली, एक खोकं उचललं आणि फटफट्यांच्या मधून वाट काढत पुढे, नाकात, नेऊन ठेवलं. मग दुसरं. मेला ऑर्विलही मदतीला गेला. बटाटे गेले, तवे गेले. लिओटा पर्स पोटाशी धरून उभी राहिली आणि तिचाच कोबी, तिचीच काकडी, तिच्या डोळ्यांदेखत मागून पुढे गेली. वीस मिनिटांत काम झालं. काट्याने पाचशे साठ दाखवलं.

"झालं की," ड्वेन खूश होऊन म्हणाला. "वजन एकदम बरोबर बसलं. बरणीबिरणीची कल्पना चांगली होती आई, फक्त जागा चुकली."

म्हणजे आता ना लोखंडाची गरज, ना तिची. तिच्याच बिटाने तिला घरी बसवलं होतं. शुक्रवारी हे निघतील, शनिवारी क्रेब्सबर्गवरून जातील, तिथे लोकांच्या इंजिनांचे फटफट आवाज खिडकीतून ऐकतील आणि म्हणतील, अरे, आजीचं पण असंच आहे नाही?

ऑर्विल फोन वाजला म्हणून आत गेला. फोन वाजला नव्हता. ड्वेन ट्रेलर परत गाडीला जोडायला लागला. लिओटाने तोंड उघडलं आणि म्हणाली, की ऑर्विलच्या खिडकीची काच गेल्या युद्धापासून पुसलेली दिसत नाही. ड्वेन हूं म्हणाला. मग ती म्हणाली, की यंदा मका बुटका आहे. ड्वेन म्हणाला, हो. मग तिने साखळीबद्दल काहीतरी सांगितलं, आकडा असा नको तसा अडकव. त्याने तसा अडकवला. सांगण्यासारखं सगळं संपलं.

"मला यायचंय," ती म्हणाली.

ड्वेन वाकलेला होता तो तसाच राहिला. "कुठे?"

"चंद्रावर. कुठे काय, तुमच्याबरोबर. वाटेत क्रेब्सबर्गला मेळा आहे. माझ्या बापाचं इंजिन घेऊन मला यायचंय. तू नेशील का?"

शेवटचं वाक्य इतकं हळू आलं की त्याला ते दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. तो उठून बसला, जिभेवरच, पायाने माती उकरत.

त्याने जे सांगितलं ते तिला ऐकायला सोपं गेलं नाही. कॉरीनने काढलेल्या ट्रेलरच्या पहिल्या चित्रात पाच बिछाने होते. पण चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, तिच्या नणंदेने, अल्माने, विचारलं होतं की लिओटा, तूही जाणार का, आणि लिओटाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, पेटीत मी एकदाच जाणार आणि ते स्वतःच्या पायांनी नाही. तळघर हसलं होतं. ड्वेन तिथे कॉफीची किटली घेऊन उभा होता. घरी येऊन त्याने पाचवा बिछाना खोडला.

"चेष्टा होती ती," लिओटा म्हणाली.

"सहा महिने रोज दहा वाजता?"

लिओटाने वाकून साखळीचा आकडा तपासला, तो नीटच होता.

मग ड्वेनने नाक खाजवलं आणि सांगितलं, की भांड्यांच्या कपाटाशेजारी, प्लायवूडच्या मागे, त्याने दोन जाड फळ्या ठोकून ठेवल्यात. बिछान्याचे कोन बसवायला. वरून दिसत नाहीत. लागल्याच तर असाव्यात म्हणून.

लिओटाने पर्स उघडली, आत काही शोधलं, ते सापडलं नाही, पर्स बंद केली. "अरुंद नको करूस," ती म्हणाली. "मी काही झाडू नाही उभा करून ठेवायला."

इंजिन घ्यायचं तर एक फटफटी घरी राहणार होती. इंजिन नाकात, उरलेली एक फटफटी मागे, आणि बरण्यांपैकी दोन खोकी, तीही कोंबडीची. ड्वेनने हे सगळं मान्य केलं, पण एक गोष्ट करायला साफ नकार दिला. मुलींना तूच सांग, तो म्हणाला.

थोरली नात टेसा पंधरा वर्षांची होती आणि आजीच्याच मुशीतून निघालेली. शेंगांचं टोपलं मांडीवर ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं. ब्रिन रडायच्या बेतात होती, टेसाने तिला हाताने थांबवलं. एका फटफटीवर दोघी आळीपाळीने बसतील, ती म्हणाली, पण दोन अटी. क्रेब्सबर्गला चाक फिरवायची खुबी आजीने दोघींना शिकवायची, अंगठ्यासकट आणि शिवीसकट. आणि रविवारी चर्चच्या तळघरात, अल्मासमोर, ट्रेलरबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. मोठ्याने. आणि त्यात 'पण' नको.

पहिली अट लिओटाने लगेच मान्य केली. दुसरीवर तिने अर्धा तास घासाघीस केली. खालच्या आवाजात चालेल का, विचारलं. अल्मा बाथरूमला गेल्यावर चालेल का, विचारलं. टेसा शेंगा निवडत राहिली.

रविवारी ड्वेनने इंजिन भरलेला ट्रेलर मुद्दामच चर्चला ओढून आणला, नवीन वजन कसं बसलंय ते बघायला. जाताना पंचावन्नलाही तो सरळ रेषेत चालला. तळघरात कॉफी होती, मनुकांचं कूखन, म्हणजे जर्मन धाटणीचा केक, होतं आणि टेबलाच्या टोकाला अल्मा होती. पन्नास वर्षं दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या कूखनमध्ये साखर जास्त झाल्याचं सांगत आलेल्या. टेसा आणि ब्रिन समोर येऊन बसल्या, हातांची घडी घालून.

लिओटाने कप खाली ठेवला. "ड्वेनचा ट्रेलर चांगला झालाय," ती म्हणाली.

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. अल्माने चष्मा वर केला आणि वाट पाहिली. सगळेच वाट पाहत होते. पन्नास वर्षांची सवय होती त्यांना.

"पण?" अल्मा म्हणाली.

लिओटाने टेसाकडे बघितलं. टेसाची भुवई वर गेली. लिओटाने कूखनचा एक मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावत राहिली. मान लाल झाली. अल्माने परत विचारलं, पण काय? तिने दुसरा तुकडा कोंबला. ड्वेन भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. कॉरीन सासूच्या कपात, न मागता, कॉफी ओतून गेली.

घास गिळून झाल्यावर लिओटाने तोंड पुसलं. "भिंतींना आत फोम आहे," ती म्हणाली. "जमीन पातळीत आहे. पाच जण आरामात झोपतात. मीच ड्वेनला म्हटलं होतं, हा घे, याचं काहीतरी होईल."

टेसाने तोंड उघडलं. मग आजीने कुठेही 'पण' वापरलेला नाही आणि खोटं बोलू नये अशी अट आपणच घातली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने ते मिटलं.

अल्मा म्हणाली, मग दाखव की. दोघी जिना चढून बाहेर आल्या, लिओटा पुढे, अल्मा मागे, आणि त्यांच्यामागे कूखनच्या बश्या हातात धरून निम्मं तळघर. ट्रेलर उन्हात उभा होता. लिओटाने बाजूचं दार उघडलं, स्वतः आत चढली आणि अल्माने पायरीवर पाय ठेवला तेव्हा आडवा हात धरला.

"बूट पुसून ये," ती म्हणाली.